त्र्यंबकचा नेम

सायकल विकून टाकायची असे मी ठरवले, त्याला कारण झाली एक वही.

मी एका पतपेढीत हिशेबनीस आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या पैशांचा जमाखर्च मांडणाऱ्या माणसाला कधीतरी स्वतःचेही काही मांडावेसे वाटते. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि "आता तरी हातपाय हलवा," असे बजावले. मी सायकल घेतली आणि त्याच दिवशी निळ्या पुठ्ठ्याची एक वहीही घेतली. तारीख, ठिकाण, अंतर आणि वेळ असे चार रकाने आखले. सायकल महिन्याभरात जुनी दिसू लागली. वहीला मात्र मी कव्हर घातले होते!

पंचवटीतल्या आमच्या घरापासून त्र्यंबकेश्वर साधारण तीस किलोमीटर. रस्ता पश्चिमेकडे जातो आणि कळेल न कळेल असा चढत जातो. नाशिकपेक्षा त्र्यंबक शंभराहून अधिक मीटर उंचावर आहे. पहिल्या खेपेला मला दोन तास लागले, आणि परतताना सायकल एस.टी.च्या टपावर टाकावी की काय असे वाटून गेले. पण हळूहळू पाय सरावले. पावणेदोन तास, दीड तास, सव्वा तास. साखरही ताळ्यावर आली. मग ती पहिली सायकल देऊन मी एक हलकी, बारीक चाकांची, पुष्कळ गिअरांची सायकल घेतली. तिच्या हँडलवर वेग आणि अंतर दाखवणारे एक इवलेसे यंत्रही बसवले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, माघातल्या एका सकाळी, मी एक तास बारा मिनिटांत त्र्यंबकला पोचलो. घरी येऊन वहीत त्या ओळीखाली तांबड्या शाईने दोन रेघा ओढल्या. ताळेबंद जुळला की आम्ही ओढतो तशा.

त्या दोन रेघांनीच घात केला. पुढच्या वर्षी एक तास सोळा मिनिटे लागली. मग एकवीस, मग सत्तावीस. चोपन्नाव्या वर्षी एक तास अडतीस! आहार तोच, रस्ता तोच, सायकल तीच. जाणकार सांगतात की तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल ताकद दर दहा वर्षांना सुमारे एक दशांशाने उतरते. व्यायाम करणाराची सावकाश उतरते, पण उतरते. म्हणजे माझ्या वहीत माझा आळस नव्हे, निसर्गाचा घसारा नोंदला जात होता. पतपेढीच्या टेबलखुर्च्यांवर दरसाल घसारा धरताना मला कधी वाईट वाटले नव्हते. स्वतःवर धरायची वेळ आली तेव्हा मात्र मी वही मिटली आणि सायकल भिंतीला टेकवली.

सबबी काय, मागाल तितक्या मिळतात. मार्च आला म्हणून, पाऊस लागला म्हणून, लेखापरीक्षण आहे म्हणून. सात महिने सायकल ओसरीतच उभी होती. श्रावणात रक्त तपासले तर साखर पुन्हा चढलेली. तरीही पाय उठेना. दसऱ्याला सायकलीला झेंडूची माळ घातली, ती तिथेच वाळली. तेव्हा सौ. म्हणाली, "हिची नुसती पूजाच करायची असेल तर देव्हाऱ्यात तरी ठेवा. येता-जाता पायात येते."

मग जाहिरात दिली. इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाचा फोन आला. शुक्रवारी सकाळी अकराला तो पैसे घेऊन येणार असे ठरले. मी रजा टाकली, आणि त्या शुक्रवारी पहाटे जाग आल्यावर मनात आले, सात वर्षे या सायकलीने आपल्याला त्र्यंबकला नेले. जाण्याआधी एकदा तिला तिकडे नेऊन आणावे. वही घरीच ठेवली. वाळलेली माळ काढली, चाकांत हवा भरली आणि साडेसहाला निघालो.

* * *

होळकर पुलावर आलो तेव्हा खाली गोदावरीवर धुके होते आणि रामकुंडाकडे आंघोळीची गर्दी जमू लागली होती. या पुलावर आले की मला बाबांची आठवण होतेच.

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. १९२५ साली सुरू झालेला तो सरकारी छापखाना. तिकिटे, स्टँप, सगळे तिथले. नाशिकमध्ये नुसते 'प्रेस' म्हटले की पुरते. पंचवटीपासून नाशिकरोड दहा किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन वीस. बाबा हे वीस किलोमीटर रोज एका काळ्या, उंच, दणकट सायकलीवरून करीत. त्या काळी सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे, आणि रात्री दिवा नसला तर पोलीस हटकत. येताना बाबांच्या हँडलला भाजीच्या दोन पिशव्या, कॅरिअरवर दळणाचा डबा, आणि वाटेत मी किंवा ताई सापडलो तर पुढच्या दांड्यावर आम्ही.

हिशेबनीसाचा मुलगा हिशेबनीस नसतो, पण हिशेबनीस मुलगा बापाचा हिशेब करतोच. मी एकदा मांडून पाहिले. रोज वीस किलोमीटर, वर्षाला दोनशे ऐंशी दिवस, बत्तीस वर्षे नोकरी. बेरीज येते १,७९,२०० किलोमीटर. पृथ्वीचा घेर सुमारे चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे बाबांनी पृथ्वीला जवळजवळ साडेचार प्रदक्षिणा घातल्या, आणि त्या साऱ्या द्वारका चौकातून! बाबा होते तेव्हा मी हा आकडा त्यांना सांगितला होता. ते म्हणाले, "असेल. पण तेवढ्यात दळण किती झालं असेल ते सांग."

बाबांना कधी कुणी विचारले नाही की सायकल चालवण्याचा उत्साह तुम्ही कोठून आणता. त्यांनाही तो प्रश्न पडला नसावा. प्रेसचा भोंगा होत असे, आणि ते निघत असत.

रविवार कारंजावरून महात्मा गांधी रस्त्याने मी त्र्यंबक नाक्याला आलो. गोल्फ क्लबच्या मैदानावर फिरणाऱ्यांची रहदारी सुरू झाली होती, आणि रस्त्याकडेला आठ-दहा सायकलवाले एकाच रंगाचे सदरे घालून निघण्याच्या तयारीत उभे होते. नाशिकमध्ये आता हे दृश्य नवे राहिलेले नाही. द्राक्षे, कांदे आणि कुंभमेळा यांच्या जोडीला सायकल हेही आमच्या गावाचे नाव होऊ लागले आहे. आषाढीच्या सुमारास इथून पंढरपूरला सायकलींची वारी जाते. तिच्यात साठी उलटलेले आजोबा असतात आणि स्वयंपाकघर सुनेवर टाकून आलेल्या आजीही असतात.

याच गावच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या ॲनापोलिसपर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, दोघांनी आळीपाळीने, दिवसरात्र, नऊ दिवसांच्या आत. दोन जणांच्या चमूने ती शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, सैन्यातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली, आणि त्याच वर्षी नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनीही. गोकुलनाथ तेव्हा नाशिकलाच होते.

ही नावे ऐकली की एके काळी माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. त्या सकाळी मात्र ती आठवून मी अधिकच खट्टू झालो. कुठे ते नि कुठे आपण! सदरेवाल्यांच्या घोळक्याने मला हात केला, मी नुसती मान हलवली आणि पुढे सटकलो.

* * *

सातपूरच्या कारखान्यांपाशी सात वाजले. ऊन मागून येत होते आणि माझी सावली लांबच लांब होऊन पुढे पळत होती. सकाळी त्र्यंबकला जाणाराची सावली नेहमी पुढेच असते. कितीही पायडल मारा, ती काही सापडत नाही.

वसाहत संपता संपता एक म्हातारा सायकलवाला माझ्या बरोबरीने आला. खाकी सदरा, डोक्याला मफलर, कॅरिअरला जेवणाचा डबा. सायकल बाबांच्या सायकलीसारखी, चेनकव्हर खडखडत होते. रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन होता तो. माझ्या सायकलीकडे, हेल्मेटकडे, घट्ट चड्डीकडे त्याने नीट पाहून घेतले.

"कुठं चालले साहेब?"

"त्र्यंबकला."

"काय काम काढलं?"

"काम असं काही नाही."

"दर्शन?"

"दर्शनही नाही. असंच. जायचं नि यायचं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग अगदी सरळपणे म्हणाला, "एवढं लांब? बिनकामाचं?"

या प्रश्नात टोमणा नव्हता. बारा तास उभ्याने राखण करून आलेल्या माणसाला हे खरोखरच कळत नव्हते. आणि खरे सांगू का, मलाही उत्तर देता येईना. अकरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. 'किती वेळात?' असे सगळे विचारतात. 'कशासाठी?' असे कुणी विचारत नाही.

पिंपळगाव बहुला मागे पडले. बेळगाव ढगा आले तसा तो उतरला, आणि मलाही थांबायची खूण करून म्हणाला, "साहेब, बिनकामाचेच जाता, तर माझं एक काम कराल?"

त्याने खिशातून चष्म्याची एक डबी काढली. मुलगी पेगलवाडीला दिलेली. नातू आठवीत. खेळताना त्याचा चष्मा फुटला, तो आजोबांनी नाशिकला आणून दुरुस्त केला होता. नातवाची सहामाही चालू, आज अकराला गणिताचा पेपर, आणि फळ्यावरची आकृती त्याला चष्म्याशिवाय दिसत नाही. "मीच जाणार होतो आता जीपनं. पण परत येऊन झोप व्हायची नाही, आणि संध्याकाळी सातला पुन्हा ड्यूटी."

मी डबी घेतली. ठेवायची कुठे, हा प्रश्न आला. माझ्या सायकलीला ना कॅरिअर, ना पिशवी. वजन वाचवण्यासाठी मीच हौसेने सगळे काढून टाकले होते. शेवटी सदऱ्याच्या मागच्या खिशात डबी सरकवली. म्हाताऱ्याने मोबाईल काढून मुलीला मोठ्याने सांगितले, "एक काका येतेत चष्मा घेऊन. वळखायला काय, डोक्यावर टोपलं हाय त्यांच्या!"

* * *

वाचकहो, खरे सांगतो, माझा बेत महिरावणीपर्यंत जाऊन परत फिरण्याचा होता. सात महिन्यांच्या खंडाने मांड्या भरून आल्या होत्या. श्वास लागत होता. पण आता फिरायचे कसे? पाठीवर एका पोराचा गणिताचा पेपर होता.

महिरावणी गेली. तळेगावाच्या अलीकडे मागचे चाक बसले. पंक्चर! एरवी मी चरफडलो असतो, कुणाच्या तरी टेंपोला हात केला असता आणि वहीत 'पंक्चर, नोंद नाही' असे लिहून मोकळा झालो असतो. त्या दिवशी मी आंब्याखाली बसलो, चाक काढले, टायरमधून काचेचा तुकडा चिमटीने उपसला, नवी ट्यूब घातली आणि हातपंपाने हवा भरू लागलो. सात महिने न वापरलेला पंप कुरकुरत होता आणि त्याच्याबरोबर मीही. दोनशे झटके मारल्यावर चाक उभे राहिले.

बसल्या बसल्या मला एक जुने संशोधन आठवले. १९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरेमी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांवरच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्या प्रकृतीची तुलना प्रसिद्ध केली. गाडी एकच, शहर एकच, घरची परिस्थितीही साधारण सारखी. पण हृदयविकार ड्रायव्हरांत अधिक आणि कंडक्टरांत कमी. कारण काय, तर कंडक्टर दिवसभर गाडीचा जिना चढउतार करी. व्यायामाचा आणि हृदयाचा संबंध आकड्यांनी दाखवणाऱ्या पहिल्या मोठ्या कामांपैकी ते एक. मी हे पूर्वी अनेकांना ऐकवले होते, पण त्यातली गंमत मला तळेगावच्या आंब्याखाली कळली. तो कंडक्टर जिना चढत होता तो हृदयासाठी नव्हे. वरच्या मजल्यावर उतारू बसले होते आणि त्यांना तिकिटे द्यायची होती!

पुन्हा निघालो. अंजनेरीचा डोंगर डाव्या हाताला आला, हनुमंताचे जन्मस्थान म्हणून आमच्याकडे मानतात तो. त्याच्या पायथ्याला खुरासणीची शेते पिवळीधमक झाली होती आणि भाताच्या ओंब्या वाकल्या होत्या. पावसाळ्यात याच रस्त्यावर पश्चिमेचा वारा छातीवर बसतो आणि पाण्याचे सपकारे डोळे उघडू देत नाहीत. परतीला मात्र तोच वारा पाठीला हात लावून घरी आणून सोडतो. त्या दिवशी वारा नव्हता. चढ मात्र होता, आणि तो सात महिन्यांत थोडाही झिजला नव्हता. मी सर्वांत हलका गिअर टाकला आणि चालणाऱ्या माणसाच्या वेगाने वर गेलो. एक शेळ्यांवाला माझ्यापुढे निघून गेला. गंमत अशी की त्याचे मला काही वाटले नाही. हँडलवरच्या यंत्राकडे मी पाहिलेच नव्हते. माझे डोळे होते रस्त्याकडेच्या पाट्यांवर: पेगलवाडी किती?

सव्वानऊला फाट्यावर पोचलो. बाई मुलाला घेऊन आधीच उभी होती. मुलाने डबी उघडली, चष्मा लावला, समोर ब्रह्मगिरीकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. "आभारी आहे" वगैरे म्हणायला त्याच्या आईने त्याला ढोसले. पण त्याचे लक्ष सायकलीकडे. चाके, गिअर, ब्रेक सगळे पाहून झाल्यावर त्याने विचारले,

"काका, हिला कॅरिअर नाही?"

"नाही."

"मग हिच्यावरून आणता काय?"

दोन तासांत दुसऱ्यांदा मी निरुत्तर झालो. आजोबांचाच नातू!

बाईने चहा केला. मी बिनसाखरेचा मागितला. निघताना तिने एका फडक्यात नागलीचे पापड बांधून दिले. ते घेऊन जायचे कसे, हा पुन्हा तोच प्रश्न. मुलाने सुतळी आणली आणि गाठोडे माझ्या पाठीला असे आवळून बांधले की मी झाशीच्या राणीसारखा दिसत असलो पाहिजे.

* * *

आता त्र्यंबक तीनच किलोमीटर राहिले होते. इतके आल्यावर न जाणे बरे दिसेना.

कुशावर्ताच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसलो आणि मग निवृत्तिनाथांच्या समाधीकडे गेलो. ज्ञानेश्वरांचे हे थोरले बंधू आणि गुरू. पौष वद्य एकादशीला इथे यात्रा भरते, तेव्हा गावोगावच्या दिंड्या याच नाशिकच्या रस्त्याने चालत येतात. आषाढीला निवृत्तिनाथांची पालखी इथून पंढरपूरला निघते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसांचा पूर लोटतो. अनवाणी, भिजत, रात्रीच्या रात्री चालणारी ती माणसे. त्यांतले निम्मे माझ्या वयाचे असतात आणि बाकीचे त्याहून मोठे. यांतल्या कुणाला विचारा, "दरसाल चालायचा हुरूप येतो कुठून?" तो तुमच्याकडे त्या वॉचमनसारखाच पाहील. म्हणेल, "हुरूप कसला? नेम आहे."

नेम! हा शब्द मी तिथे बसून मनात घोळवला. आपल्या भाषेत त्याचे दोन अर्थ आहेत. एक नेम धरायचा असतो आणि एक नेम पाळायचा असतो. तरुणपणी माणूस नेम धरतो: अमुक वेळात, अमुक अंतर, अमुक माणसाच्या पुढे. लागला तर आनंद, चुकला तर पुन्हा धरतो. हात स्थिर असतो तोवर ते शोभते. पण एका वयानंतर हात कापू लागतो, निशाण धूसर होते, आणि माणूस म्हणतो, आता आपल्याच्याने होत नाही. माझे तेच झाले होते. मी नेम धरीतच राहिलो होतो. पाळायचा नेम मी केलाच नव्हता.

धरलेला नेम वयाबरोबर चुकत जातो. पाळलेल्या नेमाला वय लागत नाही. फ्रान्समधले रॉबेर मार्शां १९११ साली जन्मले. तरुणपणी सायकल चालवली, मग कित्येक वर्षे सोडली आणि साठी उलटल्यावर पुन्हा धरली. शंभराव्या वर्षी, २०१२ मध्ये, त्यांनी एका तासात चोवीस किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर काटले. २०१७ मध्ये, एकशे पाचव्या वर्षी, ते एका तासात २२.५४७ किलोमीटर गेले. पाहा, आकडा त्यांचाही उतरला. पण त्या वयाच्या गटात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतेच! २०२१ साली ते एकशे नऊ वर्षांचे होऊन वारले. माझ्या वहीच्या न्यायाने पाहिले तर त्यांनी सायकल पन्नास वर्षांपूर्वीच विकायला हवी होती.

लंडनच्या किंग्ज कॉलेजातले आणि बर्मिंगहॅमचे संशोधक हेच वेगळ्या रीतीने सांगतात. २०१८ साली त्यांनी पंचावन्न ते एकोणऐंशी वर्षांच्या १२५ हौशी सायकलवाल्यांची तपासणी प्रसिद्ध केली. आयुष्यातली बरीच वर्षे ज्यांनी सायकल सोडली नाही, असे हे लोक. पुरुषांना साडेसहा तासांत शंभर किलोमीटर आणि स्त्रियांना साडेपाच तासांत साठ किलोमीटर जाता यावे, एवढीच अट. म्हणजे विक्रमवीर नव्हेत, तुमच्याआमच्यासारखे. त्यांच्या स्नायूंचा भरणा वयाबरोबर फारसा घटलेला नव्हता, आणि रोगांशी लढणाऱ्या विशिष्ट पेशी त्यांच्या शरीरात तरुणांइतक्या तयार होत होत्या.

आणि महाजन बंधू? त्यांच्या चमूचे नाव होते 'व्हिजन फॉर ट्रायबल्स'. आदिवासींच्या आरोग्याच्या कामासाठी ते सायकलीवर बसले होते. चाळिशीच्या आसपासची ही माणसे अमेरिकेच्या वाळवंटात रात्री दोनला कशाच्या बळावर पायडल मारीत असतील, हे मला आता थोडेफार उमगले. तेही काहीतरी पोचवायलाच निघाले होते. माझ्याजवळ चष्म्याची डबी होती, एवढाच फरक.

* * *

परतीचा रस्ता उताराचा. पापडांचे गाठोडे पाठीवर चुरचुरत होते. सातपूरपर्यंत कसा आलो कळले नाही. घरी पोचायला बारा वाजले. अकराचा वायदा, आणि ओसरीत तो मुलगा बसलेला! सौ.ने त्याला पोहे खाऊ घातले होते, दुसरा चहा चालू होता.

मला ओशाळल्यासारखे झाले. शब्द दिलेला माणूस मी. आयुष्यभर लोकांच्या हप्त्यांच्या तारखा सांभाळल्या. मी त्याला सरळच म्हणालो, "बाबा रे, सायकल विकायची नाही असं वाटेत ठरलं. तुझी खेप फुकट गेली, माफ कर."

मुलगा हिरमुसला, पण शहाणा होता. "काका, एवढ्यात विचार बदलला?"

"सात वर्षांनी बदलला," मी म्हणालो, आणि हँडलवरचे ते इवलेसे यंत्र काढून त्याच्या हातावर ठेवले. "हे घेऊन जा. पैसे नकोत. तुझ्या वयाला हे लागतं."

"आणि तुम्हाला? किती चालवली, कसं कळणार?"

मी काही बोलायच्या आत सौ. म्हणाली, "न कळू दे. दमून आले की मला कळतं."

दुसऱ्या दिवशी सायकल दुकानात नेली. दुकानदाराने असल्या सायकलीला कॅरिअर बसवायचे ऐकून आधी हसून घेतले. मग तासभर खटपट करून, दोन पट्ट्या वाकवून, त्याने एक बसवले. सायकलीचा सगळा डौल गेला. घोड्यावर बैलाचे खोगीर दिसावे तशी ती दिसू लागली. वजनही किलोभर वाढले.

या गोष्टीला आता वर्ष झाले. दर रविवारी मी निघतो. गिरणाऱ्याकडे गेलो तर टोमॅटो, त्र्यंबकच्या रस्त्याने गेलो तर पावसाळ्यात रानभाज्या आणि वैशाखात करवंदे. शनिवारी रात्रीच सौ. यादी करून ठेवते, आणि यादी हातात असली की सकाळी उठावे की न उठावे हा प्रश्नच उरत नाही. शेजारच्या दोन घरांनीही यादीत आपापल्या ओळी घुसडल्या आहेत. एकदा पाऊस होता म्हणून टाळाटाळ करू लागलो, तर शेजारच्या काकू जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, मी करटुल्यांच्या भरवशावर दुसरी भाजी आणली नाही!" निघावे लागले. साखर उतरली आहे, डॉक्टर खूष आहेत. त्र्यंबकला किती वेळ लागतो ते मला ठाऊक नाही. पण वाटेत तीनदा थांबतो, त्यामुळे बराच लागत असावा.

वॉचमन अधूनमधून बेळगाव ढग्यापर्यंत सोबत असतो. नातू नववीत गेला. त्या दिवशीच्या गणितात त्याला किती मिळाले, हे मी मुद्दामच विचारले नाही.

निळी वही अजून आहे. तिची उरलेली पाने फाडून सौ. भाजीच्या याद्या करते. तांबड्या रेघांचे पान तेवढे मी ठेवून दिले आहे. ते खोटे नव्हते. एक तास बारा मिनिटे मी खरोखरच गेलो होतो. यंदा दिवाळीच्या पहिल्या दिवशी, अभ्यंगस्नान आणि फराळ झाला की, मी पेगलवाडीला निघणार आहे. कॅरिअरला चकल्यांचा डबा बांधायचा आहे. गेल्या वर्षीच्या पापडांचे फडके अजून आमच्याकडेच आहे. ते रिकामे कसे परत करायचे?